विड्या वळणारा संघ

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणायची, "हिच्या पायाला भिंगरी बांधूनच धाडलीय देवानं." जेवता जेवता मी पाणी आणायच्या निमित्तानं उठायची आणि चाळीला एक चक्कर मारून यायची. देवळात प्रदक्षिणा जास्त घालायची, त्यात भक्ती काडीची नव्हती. आणि शिट्टी. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की चाळीच्या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. त्यापायी वडिलांच्या हातचा मार खाल्लाय. पोरीच्या जातीनं शिट्टी मारायची नसते, हे त्यांनी मला आयुष्यात जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा दुसरं काही सांगितलं नसेल.

अशी पोर खो-खोत गेली नसती तरच नवल. पण खो-खोत पळायला मिळतं त्याहून जास्त बसावं लागतं. पाठलाग करणाऱ्या पोरी ओळीत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. पाठीवर थाप पडून 'खो' ऐकू आला की उठायचं, त्याआधी नाही. मला ते जमलंच नाही. थाप पडायच्या आधीच मी उठलेली असायची आणि पंच फाउल देऊन मोकळे. कॉलेज संपेपर्यंत हे असंच चाललं. बी.ए. झाले, संघ सुटला, आणि घरात बसायची वेळ आली तेव्हा मला कळलं की मला या मैदानापासून लांब राहता येणार नाही. खेळता येत नसेल तर शिकवेन म्हटलं.

आमच्या घरात 'कोच' हा शब्द कुणाला माहीत नव्हता. वडील करकंब गावची कोरडवाहू जमीन भावाला सोडून सोलापुरात मिलमध्ये लागलेले, साचे खात्यात, मागांवर. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की जायचं, असं त्यांचं सगळं आयुष्य. ते म्हणाले, "खेळ शिकवून पोट भरतंय व्हय? टायपिंग शीक. कुटंतरी हापिसात चिकटशील." आई म्हणाली, "शाळेत पी.टी.च्या बाई असत्यात की, तसलं काय?" मी म्हटलं, तसलं नाही. पंजाबात पतियाळ्याला वर्षाचा कोर्स असतो, तो केला की सरकार कोच म्हणून घेतं. पतियाळा हे गाव किती लांब आहे हे वडिलांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

त्या कोर्सला जिल्ह्यातून नाव जावं लागायचं. जिल्ह्याच्या खो-खोचा कारभार बघणारे एक सेक्रेटरी होते, पांढरी पँट, पांढरे बूट, मैदानावर कधी धूळ न लागलेले. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, "स्वतः संघ उभा कर. टेंभुर्णीला जिल्ह्याच्या स्पर्धा आहेत. जिंकून दाखव, तुझं नाव मी पाठवतो. हरलीस तर पुन्हा माझ्या दारात यायचं नाही." घरी हे सांगितल्यावर वडील म्हणाले, "ठीक हाय. टेंभुर्णीपत्तर काय पळायचं ते पळ. हरलीस तर मी सांगंन ते गुमान करायचं." दोन्हीकडून एकच फास. मी दोघांनाही हो म्हटलं, कारण तेव्हा मला हो म्हणायलासुद्धा दम नव्हता, कधी एकदा बाहेर पडते असं झालेलं.

संघ मला सोलापूरच्या पूर्व भागात सापडला. तिथं सगळी तेलुगू विणकरांची वस्ती. बापे मागावर, बायका विड्यांवर. दिवसभर गल्लीगल्लीतून मागांची खटखट, आणि दारादारात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका. एका दुपारी मी तिथून चालले होते. समोरून एक पोरगी डोक्यावर विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडं पळत येत होती. गल्लीत टांगा, म्हैस, सायकलवाला, सुताची गाठोडी, सगळं एकदम. ती पोरगी यांतून अशी निघाली की टोपलीला धक्का नाही आणि पळण्यात खंड नाही. मी तिथल्या तिथं थांबले. हिला ओळीत बसून कोण धरणार, एवढंच डोक्यात आलं. मग मी तिच्या मागं मागं कारखान्यापर्यंत गेले आणि तिथून तिच्या घरापर्यंत. चोर समजून तिची आई कात्री घेऊनच दारात आली.

ती आई बारीक अंगाची, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. मराठी तोडकं, पण बोलायला एक नंबर. मी दारातच उभ्यानं सगळं सांगायला लागले तर ती म्हणाली, "कूसो." त्यांच्या तेलुगूत कूसो म्हणजे बस. मी बसले आणि दोन मिनिटांत उठले. ती पुन्हा म्हणाली, "कूसो." पुढं त्या घरात मला नावानं कुणी हाक मारली नाही. पोरी मला अक्का म्हणायच्या, ती आई मला 'बाई' म्हणायची, आणि मी आत पाऊल टाकलं की घरातलं शेंबडं पोरसुद्धा आधी 'कूसो' म्हणायचं.

त्या आईची अट साधी होती. दिवसाच्या विड्या झाल्या की पोरगी तुझी. त्याआधी न्हाय. तिचं पाहून गल्लीतल्या बाकीच्या आयांनीही तेच सांगितलं. कारखान्यातून पान, तंबाखू, सूत मिळायचं. घरी वळायचं, पंचवीस विड्यांचा एकेक कट्टा बांधायचा आणि संध्याकाळच्या आत नेऊन द्यायचा. तिथं चेकर बसलेला असायचा. तो हातात घेऊन बघायचा, सैल, वाकडी, जाड विडी काढून टाकायचा. त्या काढलेल्या विड्यांना म्हणायचे छाट. कारखान्यात बाईच्या नावाचं कार्ड असायचं, त्यावरच माल आणि मजुरी मिळायची. छाट वाढली की ते कार्ड बंद, आणि कार्ड बंद म्हणजे घरातली चूल निम्मी बंद.

म्हणून आमचा सराव दिवे लागायच्या आधीच्या जेमतेम तासाभरात उरकायचा. त्या तासाभरासाठी मी दिवसभर तडफडायची. सकाळीच मैदानावर जाऊन दगड वेचायची, फक्कीनं रेषा मारायची, खांब हलवून बघायची आणि मग करायला काही उरायचं नाही. मग गल्लीत फेरी. "झालं का गं?" "नाही अक्का." पुन्हा फेरी. "आता?" बायका हसायच्या माझ्यावर. एक म्हणाली, बाई, तुमच्या पायांच्या वेगानं विडी वळली असती तर आमी बंगला बांधला असता. हसा म्हटलं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलणार कुणाला.

पोरी मात्र हिऱ्यासारख्या. दुष्काळ नुकताच सरलेला, अंगावर मांस नाही, पण चपळाई विचारू नका. जन्मभर मांडी घालून बसलेल्या, त्यामुळं ओळीत बसणं त्यांना जड गेलं नाही. जे मला कधी जमलं नाही ते त्या पहिल्या दिवसापासून करायच्या. आणि माझी ती टोपलीवाली पळायला उतरली की समोरच्यांचा अख्खा डाव तिच्या एकटीच्या मागं संपायचा. ती बोलायची कमी. आउट झाली तर स्वतःवरच चिडून पायानं माती उडवायची. ते मला आवडायचं.

टेंभुर्णीला दोन दिवस जायचं होतं. दोन दिवसांच्या विड्या आधी वळून दिल्या तरच पोरींना सोडू, असं आया म्हणाल्या. बाकीच्या घरांत सासू, नणंद, बहीण कुणी ना कुणी होतं. टोपलीवालीच्या घरात वळणाऱ्या दोघीच, ती आणि तिची आई. एवढं काम दोघींच्यानं होणारं नव्हतं. मी म्हटलं, त्यात काय, आख्खा संघ आहे की. सगळ्या मिळून बसू. पोरी टाळ्या पिटत तयार झाल्या. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरींकडं, आणि काय तिच्या मनात आलं कोण जाणे, ती हो म्हणाली.

तो दिवस लई मजेत गेला. एवढ्याशा खोलीत संघ दाटीवाटीनं बसलेला, मध्ये ओल्या पोत्यात गुंडाळलेली पानं, तंबाखूच्या वासानं डोकं भणभणलेलं, तेलुगूतून चेष्टा चाललेली, मला एक अक्षर कळत नव्हतं आणि सगळी माझीच चेष्टा आहे हे बरोबर कळत होतं. मला वळता येईना म्हणून हातात कात्री दिली. पत्र्याचा फर्मा पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कापायचं. पहिली पानं मी नीट कापली. नंतर फर्मा कोण बघतंय, नजरेनंच सपासप. सगळ्यांचे कट्टे एका टोपलीत गेले. टोपली भरली तेव्हा आम्हाला वाटलं, अर्धी टेंभुर्णी इथंच जिंकली.

दुसऱ्या दिवशी चेकरनं ती सगळी टोपली छाटात काढली.

झालं असं, की वळणाऱ्या बाईचा हात चेकरला पाठ असतो. या कार्डाच्या विड्या म्हणजे बारीक, सारख्या, तोंड घट्ट मिटलेलं. आईच्या मांडीशेजारी बसूनच पोरगी शिकलेली, त्यामुळं दोघींचा हात एक. आणि त्या दिवशी टोपलीत एक कट्टा जाड, दुसरा सडपातळ, काही विड्या नको तितक्या लांब, त्या मी कापलेल्या पानांच्या. चेकर म्हणाला, कार्ड गल्लीत वाटून दिलंस काय? हे त्यांच्यात मोठं पाप होतं, एका कार्डावर दुसऱ्यांनी वळायचं. त्यानं सांगितलं, परवा कारखाना बंद व्हायच्या आत सगळा माल पुन्हा वळून आण, तुझ्याच हाताचा. एक विडी जरी दुसऱ्या हाताची दिसली तरी कार्ड बंद.

परवा म्हणजे टेंभुर्णीचा दुसरा दिवस.

मी पळतच गेले त्यांच्याकडं. आई शिव्या देईल, सूप भिरकावेल, असं वाटलं होतं. तिनं मान वर केली नाही. पोरगी तिच्या शेजारी बसून पान गुंडाळत होती. मी म्हटलं, मी त्या चेकरला जाऊन सांगते, मी भांडते. आई म्हणाली, "बाई, तू भांडली तर कार्ड आजच जाईल. तू जा. आमाला बसायचंय." मला तिथं कूसो कुणी म्हणालं नाही. तेवढं जिव्हारी लागलं.

टोपलीवालीशिवायच संघ घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी टेंभुर्णीला गेले. पहिल्या दिवशीचे सामने आम्ही कसे जिंकलो हे मला अजून नीट सांगता येत नाही, कारण मी रेषेबाहेर इतक्या येरझाऱ्या घालत होते की पंचांनी दोनदा तंबी दिली. पोरी चिवट खेळल्या. पण प्रत्येक सामना नाकी नऊ आणून सुटला, आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा सामना होता तो बार्शीकडच्या उंच, दांडग्या पोरींशी. मी मनात हातपाय गाळलेच होते.

सामना दुपारी बाराला होता. साडेअकराच्या सुमारास हायवेवर एसटी थांबली आणि तीतून आधी एक सूप उतरलं, मग आई, मग टोपली, मग पोरगी. मला आधी खरंच वाटेना. आई घाम पुसत म्हणाली, "हिचे पाय गप बसेनात. हात वळतोय, पाय हलतोय. विडी वाकडी यायला लागली. म्हटलं चल, खेळ आणि बस." आणि मैदानाच्या कडेला लिंबाखाली तिनं मांडी घातली, सूप मांडीवर घेतलं आणि वळायला लागली. बराच माल झाला होता, पण पोत्यात अजून पानं होती. दुपारच्या गाडीनं परत निघालं की कारखाना बंद व्हायच्या आत पोचता येत होतं, आणि उरलेलं दोघी गाडीत वळणार होत्या. तेवढ्यात सामना संपतोच. सगळा हिशोब बसत होता.

बसला नाही तो प्रमुख पाहुण्यांमुळं. ते आलेच नाहीत. बारा वाजले, साडेबारा वाजले, नारळ हातात घेऊन सेक्रेटरी रस्त्याकडं बघत उभे. मी म्हटलं, साहेब, सुरू करू या, पाहुणे आल्यावर नारळ फोडतील. ते म्हणाले, पद्धत नावाची काही चीज असते की नाही. एक वाजून गेल्यावर जीप आली. हार झाला, नारळ झाला, आणि मग भाषण. क्रीडेचं जीवनातील महत्त्व. मी त्या माणसाला मनातल्या मनात जे जे म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. लिंबाखाली पोरगी आईशेजारी बसून विड्या वळत होती, भाषण चालू होतं, आणि माझ्या संघातल्या पोरी, सगळ्या जन्माच्या वळणाऱ्या, त्या दोघींच्या भोवती नुसत्या उभ्या होत्या. एकीनंही हात लावायचा नव्हता.

सामना सुरू झाला. ती पळायला उतरली आणि बार्शीच्या त्या दांडग्या पोरी तिच्या मागं धापा टाकायला लागल्या. आउट झाल्यावर ती सरळ लिंबाखाली जायची, हात पुसायची, वळायला बसायची. पाठलागाची पाळी आली की उठून ओळीत येऊन बसायची. लोक सामना सोडून लिंबाकडं बघायला लागले. शेवटची पाळी उरली तेव्हा आम्ही थोड्या गुणांनी पुढं होतो. आता पळायचं आम्हाला आणि धरायचं त्यांना. ती पहिल्या तुकडीत पळाली असती तर त्यांचा निम्मा वेळ तिनं खाल्लाच असता. पतियाळा माझ्यापासून तेवढंच लांब होतं.

आणि आईनं सूप आवरायला घेतलं. गाडीची वेळ झाली होती. पोरीनं ओढणी कमरेला आवळली आणि पळणाऱ्यांच्या जागी येऊन उभी राहिली, माझ्याकडं बघत. मी सांगितलं असतं तर ती थांबली असती. आई एकटी गाडीत बसली असती, एकटीच्या हातानं उरलेलं झालं नसतं, आणि कार्ड गेलं असतं. हे तिला कळत होतं. मलाही कळत होतं. तरी त्या घटकेला माझ्या तोंडात 'पळ' हाच शब्द आला होता, हे खोटं कशाला बोलू.

मी म्हटलं, "जा. गाडी चुकेल."

ती हलेना. मी ओरडले, "जा म्हणते ना!" तेव्हा ती गेली, आणि मी बदली पोरीला पुढं ढकललं. सेक्रेटरी तणतणत आले. "वेडबीड लागलंय काय? बोलवा तिला परत." मी म्हटलं, साहेब, तिची गाडी आहे. ते म्हणाले, कसली गाडी? मी पुन्हा रेषेकडं धावले. आम्ही हरलो. वेळ शिल्लक असतानाच आमच्या सगळ्या तुकड्या बाद झाल्या. बक्षीस समारंभात सेक्रेटरींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ईर्षा नाही तुझ्यात. ईर्षा नसलेला माणूस कोच होत नसतो." एसटीत परत येताना पोरी रडत होत्या आणि मी खिडकीच्या गजावर मूठ आपटत होते. दुखेपर्यंत आपटली.

घरी वडील जेवत होते. मी म्हटलं, हरलो. त्यांनी घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "उद्या सकाळी क्लासात चौकशी करून ये." मी हो म्हटलं. वडील वाईट नव्हते. दिलेला शब्द ते पाळायचे आणि माझ्याकडूनही तेच मागत होते.

टायपिंगची चौकशी करून तिथूनच मी पूर्व भागात गेले. पोरींना तोंडानं सांगायचं होतं की झालं, संपलं. गळ्यातली शिट्टी घरीच खुंटीला अडकवून निघाले होते. आईच्या दारात पोचले तर आत तीच दाटी, पण तोंडं नवी. गल्लीतल्या बायका पोरींना हाताला धरून आल्या होत्या. आई म्हणाली, "कूसो."

मी बसले. कार्ड राहिलं का, विचारलं. तिनं नुसती मान डोलावली आणि त्या बायकांकडं बोट दाखवलं. "ह्या म्हणतात, पोरी तुज्याकडं पाठवायच्या. ही बाई कार्ड जाऊ देत न्हाय म्हणतात." मी म्हटलं, अम्मा, मी आता येणार नाही. वडिलांनी बंद करायला सांगितलंय. तिनं सूप खाली ठेवलं. "माज्या नवऱ्यानं पण पोरीला बंद करायला सांगितलं होतं. किती वेळा." बाकीच्या बायका हसल्या. टोपलीवाली कोपऱ्यात बसून वळत होती. मान खाली, पण पाय हलत होते.

त्या घरात मी कधी बसले नव्हते एवढा वेळ बसले. सवयीनं जवळची कात्री उचलली तर आईनं ती पटकन काढून घेतली. "त्याला हात लावायचं न्हाय," म्हणाली.

पतियाळा मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. टायपिंग मात्र शिकले. सकाळी क्लास करायचा आणि संध्याकाळी कुठं जाते हे वडिलांनी विचारायचं नाही, असं पुढं आमच्यात न बोलता ठरून गेलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी एवढंच झालं की कोपऱ्यातल्या पोरीनं शेवटचा कट्टा बांधला, टोपली दाराशी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. बाहेर अजून ऊन होतं. मी उठले. मैदानाच्या तोंडाशी आल्यावर गळ्याकडं हात गेला तर शिट्टी नव्हती. मागं नव्या पोरी, त्यांच्या आया, अख्खी गल्ली बघत होती. मी दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली.